पतसंस्थेंतील यंत्र व त्याचा जमाखर्च

आमच्या गांवच्या विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायटीची वार्षिक साधारण सभा लवकरच भरावयाची असून तिच्या विषयपत्रिकेंत सहावा विषय असा आहे : “हातखतावणी बंद करून सर्व हिशेब केवळ संगणकावर ठेवणें, तसेंच पीककर्जाची मंजुरी यंत्राच्या साहाय्यानें देण्याविषयीं जिल्हा बँकेकडून आलेल्या सूचनेचा विचार करणें.” या एका विषयानें गांवांत दोन तट पडले आहेत. वडीलधारी मंडळी म्हणतात, वही डोळ्यांना दिसते, यंत्रांतलें दिसत नाहीं, सबब वही सोडूं नये. तरुण मंडळी म्हणतात, शहरांतला भाजीवाला फोनवर पैसे घेतो आणि आम्हीं मात्र एका पावतीसाठीं सचिवाच्या दारांत बसावें, हें आतां चालावयाचें नाहीं. दोन्ही पक्षांचें बोलणें मीं देवळाच्या ओट्यावर बसून पुष्कळ दिवस ऐकिलें. दोहोंतही तथ्य आहे. परंतु कागद-पेन्सिल घेऊन यंत्रास खर्च किती, त्यापासून लाभ किती, आणि तो लाभ कोणाच्या पदरांत पडतो, याचा आंकडा एकाही पक्षानें मांडलेला मला आढळला नाहीं. बैल घेतांना आपण त्याचे दांत पाहतों, औतास जुंपून पाहतों, दलालाशीं घासाघीस करतों. आणि चार लाखांच्या वस्तूस मात्र हात वर करून संमति देतों, अगर मान हालवून नाकारतों. मी महसूल खात्यांत कारकून होतों, बँकेंत कधीं नोकरी केली नाहीं. तथापि कागद कोठें चालतो व कोठें बसून राहतो हें ओळखण्याची संवय तीस वर्षांच्या कारकुनीनें लागते, व तेवढ्याच अधिकारावर हे चार शब्द वाचकबंधूंपुढें ठेवीत आहें.

प्रथम वस्तुस्थिति सांगतों. केंद्र सरकारनें जून २०२२ मध्यें देशांतील सुमारें ६३,००० प्राथमिक कृषि पतसंस्थांचें संगणकीकरण करण्याची योजना मंजूर केली. खर्चाचा अंदाज २,५१६ कोटि रुपयांचा, पैकीं केंद्राचा वांटा १,५२८ कोटींचा, व मुदत पांच वर्षांची ठरली. पुढें संस्थांची संख्या ६७,९३० पर्यंत व खर्च २,९२५ कोटींपर्यंत वाढविण्यांत आला. काम नाबार्डच्या देखरेखीखालीं व्हावें आणि सर्व देशांत एकच समान प्रणाली असावी, असा बेत. महाराष्ट्रांतील सुमारें बारा हजार संस्था तींत धरल्या गेल्या. योजना मंजूर करतांना सरकारनें दिलेले आंकडे असे कीं, देशांतील किसान क्रेडिट कार्डाच्या कर्जदारांपैकीं ४१ टक्के, म्हणजे तीन कोटींहून थोडे अधिक शेतकरी, या गांवसोसायट्यांमार्फतच कर्ज उचलतात, व त्यांतील ९५ टक्के लहान व अत्यल्प जमिनीचे आहेत. तेव्हां प्रश्न कोणा मूठभर बागाइतदारांचा नाहीं.

भागाकार केला तर एका संस्थेमागें सरासरीनें चार लाख रुपयांहून कांहींसा अधिक खर्च पडतो. ही रक्कम सरकारच्या तिजोरींतून आली म्हणून ती फुकट आली असें समजणें ही भूल होय; तिजोरी आपणच भरतों. शिवाय यंत्राचें आयुष्य बैलाहून कमी असतें. सहाव्या-सातव्या वर्षीं दुरुस्ती, छपाईची शाई, वीज, जोडणीचें भाडें, आणि पुढें नवें यंत्र, हा खर्च कोणाच्या खातीं पडणार याचा उल्लेख आमच्या संचालक मंडळाच्या एकाही ठरावांत मला दिसला नाहीं. सरकारनें बांधून दिलेलीं गोदामें दुरुस्तीवांचून कशीं गळतात हें आपण पाहिलेंच आहे.

आतां लाभाकडे वळूं. या बाबतींत एक जुनें उदाहरण सांगण्यासारखें आहे. अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतीं बँक ऑफ अमेरिका ही मोठी बँक होती. दुसऱ्या महायुद्धानंतर तिच्याकडे दरमहा सुमारें २३,००० नवीं खातीं उघडलीं जाऊं लागलीं. कसलेला हिशेबनीस तासाला सुमारें २४५ खात्यांच्या नोंदी करी. दिवसाचें काम दिवसांत पुरें व्हावें म्हणून बँकेचे दरवाजे दुपारीं दोन वाजतांच लावून घेण्याची पाळी आली. तेव्हां सन १९५० मध्यें बँकेनें स्टॅनफर्ड संशोधन संस्थेस बोलावून विचारलें कीं, आमचें हें काम यंत्र करील काय? नमुन्याचें यंत्र १९५५ मध्यें लोकांस दाखविण्यांत आलें व १९५९ पासून तें प्रत्यक्ष कामास लागलें. यांत लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, त्यांनीं यंत्र प्रथम आणून मग त्यास काम शोधलें नाहीं. अडलेलें काम कोणतें, एक माणूस तासांत तें किती उरकतो, व न उरकल्यास काय नुकसान होतें, हें त्यांस अगोदर ठाऊक होतें. आमच्याकडे क्रम नेमका उलटा झाला आहे. पेटी आली, ती पिशवी घालून झांकून ठेवली, उद्घाटनाचा फोटो भिंतीवर लागला, आणि आतां तिच्याकडून काय करून घ्यावयाचें याचा विचार सहाव्या विषयांत आला आहे.

बरें, आमचें काम अडतें कोठें? पीककर्जाचा कागद घ्या. सभासद सातबारा व आठ-अ चा उतारा आणतो. अन्य बँकांचा बेबाकी दाखला आणतो. सचिव कमाल मर्यादा पत्रक तयार करतो, पंचकमिटी त्यावर ठराव करते, तें जिल्हा बँकेच्या शाखेंत जातें, तेथून तपासणीस, तेथून तालुक्याचा अधिकारी, मंजुरी, मग सातबारावर बोजा, आणि शेवटीं पैसा. या सर्वांत व्याज आंकणें व खतावणींत रक्कम चढविणें या कामास सचिवास लागतात मिनिटें. उरलेले दिवस जातात ते वाट पाहण्यांत. सही करणारे साहेब बैठकीस गेलेले असतात; पंचकमिटीची गणपूर्ति होत नाहीं; गटसचिवाकडे तीन गांवें असल्यानें तो आपल्या गांवीं मंगळवारींच येतो, आणि मंगळवारीं नेमका बाजार. महसूल खात्यांतही असेंच होतें. मीं जन्मभर पाहिलें कीं, लिहिणें हळू झाल्यामुळें कागद क्वचितच अडतो. तो टेबलावर पडून राहिल्यानें अडतो. जें यंत्र केवळ लिहिणें जलद करील आणि पडून राहणें तसेंच ठेवील, तें शोभेचें यंत्र होय.

उलटपक्षीं, जें यंत्र हेलपाटा वांचवील त्याची किंमत मांडून पाहा. समजा, संस्थेचे पांचशें कर्जदार सभासद आहेत. तालुक्यास जाण्याचा एक दिवस म्हणजे बुडालेली मजुरी व गाडीभाडें मिळून पांचशें रुपये धरा. हंगामांत पेरणी खोळंबली तर तोटा याहून पुष्कळ अधिक, पण तो सोडून देऊं. प्रत्येकाचा वर्षांतून एकच हेलपाटा वांचला तरी गांवाचे अडीच लाख रुपये वांचले. चार लाखांचें यंत्र दोन वर्षांच्या आंत फिटलें. आणि एकही हेलपाटा न वांचला तर तेंच यंत्र दहा वर्षांतही फिटावयाचें नाहीं. इतका सरळ हा हिशेब आहे, पण तो कोणत्याही बँकेच्या वहींत सांपडणार नाहीं, कारण बँकेच्या जमाखर्चांत सभासदाचा हेलपाटा लिहिण्यास रकानाच नसतो. बँक आपल्या बाजूनें पाहते : इतके कारकून कमी, इतका कागद कमी, एक शाखा बंद करितां आली. शाखा बंद झाली म्हणजे बँकेचें भाडें वांचलें आणि आमचें गाडीभाडें वाढलें. एकाच व्यवहाराचीं हीं दोन अंगें आहेत. एका वहींत तो जमा पडतो व दुसरींत नांवें. म्हणून जिल्हा बँकेकडून ‘यंत्रामुळें इतकी बचत होईल’ असें पत्र आलें तर ती बचत कोणाच्या वहींतली, हें विचारण्याचा सभासदांस पूर्ण अधिकार आहे.

यंत्राच्या बाजूनें मला सर्वांत बळकट वाटणारा मुद्दा मात्र हेलपाट्याचा नव्हे, तारखेचा आहे. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जास व्याजाचा दर सात टक्के, व मुदतींत फेड करणारास केंद्राची तीन टक्क्यांची सवलत, असा नियम गेलीं अनेक वर्षें चालत आला आहे; राज्याची पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना तिच्यावर आणखी भर घालते. तीन लाखांच्या कर्जावर तीन टक्के म्हणजे वर्षाचे नऊ हजार रुपये झाले. हे नऊ हजार एका तारखेवर अवलंबून असतात. सन २०१८ च्या मार्चांत माझ्या वडील बंधूंनीं आपल्या खात्याचे एक लक्ष चाळीस हजार रुपये अठ्ठावीस तारखेस सोसायटींत भरले, शिक्क्याची पावती घेतली व निश्चिंत झाले. ती रक्कम शाखेंत जमा झाली एप्रिलच्या तीन तारखेस. सोसायटीच्या वहीप्रमाणें ते वेळेवर फेड करणारे, बँकेच्या वहीप्रमाणें थकबाकीदार. बेचाळीसशें रुपयांची सवलत गेली. मीं स्वतः चार अर्ज लिहिले, पावतीच्या नकला जोडल्या. उत्तरांत एकदां असें लिहून आलें कीं, ‘आमच्या दफ्तरीं अशी रक्कम त्या तारखेस दिसत नाहीं’. तें उत्तर खरेंही होतें, कारण त्यांच्या दफ्तरीं ती नव्हतीच! सात महिन्यांनीं प्रकरण मिटलें. मी लिहिणारा होतों म्हणून मिटलें. ज्याच्या घरीं अर्ज लिहिणारा नाहीं त्याचे बेचाळीसशें रुपये बुडालेच म्हणून समजा.

सोसायटी व बँक यांची एकच वही असती, आणि सचिवानें येथें रक्कम चढवितांच ती तेथें उमटली असती, तर हा प्रकार घडला नसता. याच दोन वह्यांच्या विसंवादाचें वाढलेलें रूप तें सहकारांतील प्रसिद्ध दुखणें, ज्यास दफ्तरी भाषेंत अनिष्ट तफावत म्हणतात : सोसायटीचें बँकेस देणें अधिक आणि सभासदांकडून सोसायटीस येणें कमी. त्याचीं कारणें पुष्कळ आहेत, व सर्वच कांहीं हिशेबाचीं नाहींत. पण तफावत वर्षाअखेरीस लेखापरीक्षकास दिसण्याऐवजीं दर सायंकाळीं दिसली तर ती इतकी फुगत नाहीं, हें कोणीही मान्य करील. एवढ्या एका कारणासाठीं मी यंत्राच्या बाजूचा आहें, आणि वडीलधाऱ्या मंडळींनीं माझा राग धरूं नये.

तथापि त्यांच्या भयाकडे दुर्लक्ष करून चालणार नाहीं. चूक वहींतून यंत्रांत गेली म्हणजे ती पुसली जात नाहीं, उलट पक्की होते. सातबाऱ्याच्या संगणकीकरणांत हें मीं डोळ्यांनीं पाहिलें, व कांहीं अंशीं माझ्या हातूनच घडलें. हस्तलिखित उतारे व यंत्रांतले उतारे ताडून पाहण्याच्या कामावर मी होतों. एके रात्रीं डोळे चुरचुरत असतांना एका खात्याचें क्षेत्र ०.४६ हेक्टर होतें तें ०.६४ असें तपासून मीं बरोबरची खूण केली. सन २०१७ मध्यें चावडीवाचनाची मोहीम निघाली, तेव्हां तें खातें मोठ्यानें वाचलें गेलें. मागें बसलेली एक म्हातारी उठून म्हणाली, “भाऊसाहेब, माझं रान रातोरात वाढलं कसं वो?” लोक हंसले. ती गप्प राहिली असती तर तिचा फायदाच होता, आणि शेजाऱ्याचा कोर्टखर्च. चावडीवर न वाचलेल्या अशा कितीतरी चुका पुढें महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खालीं दुरुस्तीचे अर्ज होऊन तहसील कचेरींत आल्या, व प्रत्येक अर्जामागें एका कुटुंबाचे कांहीं दिवस गेले. मे २०१८ पासून डिजिटल सहीचा उतारा घरबसल्या मिळूं लागला, ही मोठी सोय झाली हें खरें. पण ज्याचा उतारा चुकला होता त्यास तो चुकलेलाच उतारा अधिक जलद मिळूं लागला.

चूक पक्की झाली आणि तिच्यामागें कायद्याचें बळ उभें राहिलें म्हणजे काय अनर्थ होतो याचा दाखला इंग्लंडांत घडला आहे. तो आमच्या गटसचिवांनीं अवश्य समजून घ्यावा. तेथें खेड्यापाड्यांतून पोस्टाचें काम करारानें घेतलेले उपपोस्टमास्तर असतात. बहुधा गांवचा दुकानदारच तें काम पाहतो. सन १९९९ पासून त्यांच्या टेबलावर होरायझन नांवाची हिशेबाची प्रणाली बसविण्यांत आली. त्यानंतर अनेकांच्या हिशेबांत तूट दिसूं लागली. तूट भरून देणें कराराप्रमाणें उपपोस्टमास्तराच्या अंगावर. कित्येकांनीं घर गहाण ठेवून ती भरली. कित्येक दिवाळखोर झाले. कांहीं तुरुंगांत गेले, व कांहींनीं जीव दिला. नऊशेंहून अधिक लोक अफरातफरीच्या व तत्सम आरोपांखालीं दोषी ठरले. प्रत्येकास वाटे कीं, तूट आपल्याच एकट्याकडे येते, कारण तसेंच त्यांस सांगण्यांत येई. यंत्र बरोबर चालतें असें न्यायालयें गृहीत धरीत, आणि तें चुकतें हें सिद्ध करण्याचा भार त्या गरीब दुकानदारावर पडे. शेवटीं पांचशेंहून अधिक जणांनीं मिळून दावा केला. डिसेंबर २०१९ मध्यें उच्च न्यायालयानें ती प्रणालीच सदोष ठरविली, आणि मे २०२४ मध्यें पार्लमेंटास खास कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. म्हणजे पुरीं पंचवीस वर्षें लोटलीं. उद्यां आमच्या सोसायटीच्या यंत्रांत पन्नास हजारांची तूट दिसली आणि हातखतावणी जागेवर नसली, तर सचिव बिचारा कशाच्या आधारावर बोलणार?

यंत्र बंद पडण्याचें व लुटलें जाण्याचें भय याहून लहान आहे, तरी नाहींच असें नाहीं. ऑगस्ट २०१८ मध्यें पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेंत शिरून चोरांनीं दोन दिवसांत सुमारें ९४ कोटि रुपये उडविले. जुलै २०२४ च्या अखेरीस, अनेक सहकारी व ग्रामीण बँकांस संगणकसेवा पुरविणाऱ्या एका कंपनीवर हल्ला झाला, तेव्हां सुमारें तीनशें लहान बँकांचे देवघेवीचे व्यवहार खबरदारी म्हणून तोडून ठेवावे लागले. एक-दोन दिवसांत ते पूर्ववत् झाले. ती वेळ ऐन पेरणीची नव्हती हें आपलें नशीब. सर्व देशास एकच प्रणाली असण्यांत काटकसर आहे खरी, पण एकाच विहिरीवर सर्व गांव अवलंबून असल्यासारखें तें होतें.

माणसांच्या नोकऱ्या जातील या आक्षेपावर मी फार शब्द खर्चीत नाहीं. हाच वाद मोठ्या बँकांतून १९८३-८४ च्या सुमारास, रंगराजन समितीच्या वेळीं, जोरांत झाला होता व संघटनांशीं करार करून हळूहळू मिटला. गांवसोसायटींत काढून टाकण्याजोगीं माणसें मुळींच नाहींत. जो एक सचिव आहे तो तीन गांवांस पुरत नाहीं. यंत्रानें त्याचे वहीवरचे दोन दिवस वांचले तर ते दोन दिवस त्यानें आमच्या गांवीं बसावें, एवढेंच मागणें आहे. सध्यां तर त्याचें काम दुप्पट झालें आहे : दिवसां वही लिहावयाची व रात्रीं तीच यंत्रांत चढवावयाची. यास कोणी बचत म्हणत असेल तर म्हणो.

आतां मंजुरीचा प्रश्न, ज्याविषयीं माझें मत दोन्ही तटांहून निराळें आहे. रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबनें सन २०२२ मध्यें मध्यप्रदेश व तामिळनाडू या राज्यांत किसान क्रेडिट कार्डाचें कर्ज अथपासून इतिपर्यंत यंत्रावरच देण्याचा प्रयोग आरंभिला. जमिनीचा उतारा यंत्रानेंच पाहावा, ओळख यंत्रानेंच पटवावी, व आठवड्यांचें काम मिनिटांवर यावें, असा हेतु. ऑगस्ट २०२३ पासून त्यासाठीं सर्व बँकांस उपयोगी पडेल असें सामायिक व्यासपीठ उभारण्यांत आलें, व पुढील वर्षीं त्यास युनिफाइड लेंडिंग इंटरफेस हें नांव मिळालें. ज्याचा उतारा स्वच्छ, नांव एकट्याचें, वाद नाहीं, मागील फेड वेळेवर, त्यास कर्ज देण्यास साहेबाच्या सहीची वाट कशास पाहावी? त्यास यंत्रानें खुशाल तत्काळ होकार द्यावा. पण आमच्या गांवांत असे उतारे किती? सामायिक खातें आहे, चौघे भाऊ कसतात, नांव थोरल्याचें. वडील वारले, वारसाची नोंद अजून व्हावयाची आहे. शेत नवऱ्याच्या नांवावर, नवरा पुण्यास कारखान्यांत, पेरणी-कापणी बाई करते. बटाईदार तर कागदावर नाहींच. पंचकमिटीस हीं सर्व घरें ठाऊक असतात, यंत्रास उतारा तेवढा ठाऊक. २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाल्यानें शेतांत काय उभें आहे हें यंत्रास कळूं लागलें. कोण राबतें हें अजून कळत नाहीं. म्हणून माझें म्हणणें असें कीं, होकार यंत्रानें दिला तरी चालेल. नकार मात्र माणसानेंच द्यावा, कारण लिहून द्यावा, आणि खालीं आपली सही करावी. नकाराच्या कागदावर सही करतांना कारकुनाचा हात क्षणभर थबकतो, आणि पुष्कळदां त्या क्षणांत त्यास एखादी तोड सुचते. हें मी अनुभवानें सांगतों.

पंचकमिटी यंत्राहून न्यायी असते असा माझा दावा नाहीं, हें येथेंच कबूल करून टाकतों. भावकीच्या वादांत कोणाचें कर्ज कोणत्या बैठकींत मागें ठेवलें गेलें, हें प्रत्येक गांवांत प्रत्येकास माहीत असतें. यंत्र भावकी ओळखत नाहीं, हा त्याचा मोठाच गुण होय.

हिशेब कर्जदारास दिसला पाहिजे, ही कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. मे १८७५ मध्यें पुणें जिल्ह्यांत सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें व वह्या जाळल्या, तेव्हां त्यांचा राग कर्जाइतकाच न वाचतां येणाऱ्या वहीवर होता. त्यानंतर १८७९ मध्यें दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्यांत सावकारानें प्रत्येक भरण्याची लेखी पावती द्यावी, वर्षास हिशेब लिहून द्यावा व शेतकऱ्यानें मागितल्यास पासबुकांत खातें उतरवून द्यावें, अशीं कलमें होतीं. जें सावकारावर बंधनकारक होतें तें आपल्याच सोसायटीच्या यंत्रावर नसावें काय? फोनवर चार इंग्रजी अक्षरांचा संदेश येतो, तो पावतीची जागा घेऊं शकत नाहीं. निदान आमच्या पिढीच्या हयातींत तरी नाहीं.

या सर्व विचारानें मीं सहाव्या विषयावर एक उपसूचना लिहून दिली आहे. तिचा मुख्य भाग असा. हातखतावणी बंद करण्यापूर्वीं प्रत्येक सभासदाचें खातें, मुद्दल, व्याज व शेवटच्या भरण्याची तारीख यांसह, चावडीवर मोठ्यानें वाचावें, व हरकतीस एक महिना द्यावा. कोणाचें कर्ज किती हें चारचौघांत वाचलें जाण्यास ज्याची लाज वाटेल त्यास त्याचें पान घरीं नेऊन दाखवावें. दुसरें, येत्या खरिपाच्या कर्जवाटपांत सचिवानें एक साधी वही ठेवावी : अर्ज कोणत्या तारखेस आला, पैसा कोणत्या तारखेस हातीं पडला, आणि मध्यें सभासदास किती वेळां जावें लागलें. पुढील खरिपांत यंत्र चालू झाल्यावर तीच वही पुन्हा लिहावी. या दोन वह्या शेजारीं ठेवल्या म्हणजे यंत्र फिटलें कीं नाहीं हें शाळेंतलें पोरही सांगेल, आणि जिल्हा बँकेनें तें शेजारच्या दहा गांवांत न्यावें कीं नाहीं याचा निकालही तेथेंच लागेल. प्रथम सर्व तालुक्यांत एकदम पसरून मग चुका वेंचीत बसणें फार महाग पडतें. इंग्लंडांत टी. एस. बी. नांवाच्या बँकेनें एप्रिल २०१८ मध्यें सर्व खातीं एकदम नव्या यंत्रावर नेलीं, तों एकोणीस लक्ष ग्राहकांस आपलें खातें उघडतां येईना, व पुढें सुमारें पांच कोटि पौंडांचा दंड झाला. तिसरें, नफ्यांतून दरवर्षीं कांहीं रक्कम यंत्राच्या घसाऱ्याची म्हणून बाजूस काढावी. आणि यंत्रांत तूट दिसल्यास, कागदी पावत्यांशीं ताळा घातल्यावांचून सचिवावर वसुली लावूं नये, हें कलम मीं शेवटीं घातलें आहे. तें वाचून आमच्या सचिवांनीं मला चहा पाजला. उपसूचनेवर सभासदांचें मत फिरविण्यास तो चहा कारण झाला असें कोणी म्हणूं नये म्हणून येथें नमूद करून ठेवतों.

उपसूचना देण्याची मुदत सभेच्या आठ दिवस आधींपर्यंत आहे व माझा कागद सचिवांकडे पोंचला आहे. त्यास अनुमोदक अद्यापि मिळालेला नाहीं. ज्या सभासदांस अनुमोदन द्यावयाचें असेल त्यांनीं सभेस येतांना आपलें पासबुक बरोबर आणावें, कारण पहिलें खातें माझें वाचलें जावें आणि दुसरें अनुमोदकाचें, असें मीं सुचविलें आहे.